गाणी दिलीत, आता नावंही द्या: संगीत कंपन्यांना खुलं पत्र

जुन्या मराठी रेकॉर्ड आणि कॅसेटचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्या सगळ्या संगीत कंपन्यांच्या मंडळींना, सप्रेम नमस्कार.

थेट मुद्द्यावर येते. तुमच्याकडचे जुने मराठी अल्बम तुम्ही मोबाइलवरच्या ॲप्सवर आणलेत त्याबद्दल आधी मनापासून आभार, कारण आमच्यासारख्या लोकांच्या कॅसेट आता चिकटल्यात, प्लेअर दुरुस्त करणारा माणूस गावात उरला नाही, आणि तुम्ही हे केलं नसतंत तर यातली कितीतरी गाणी आमच्या कानापर्यंत परत आलीच नसती. पण मंडळी, ते अल्बम अल्बम म्हणून द्या ना. पूर्ण द्या, मूळ क्रमाने द्या, निवेदनासकट द्या, आणि प्रत्येक गाण्याखाली कवी, संगीतकार, वाद्यमेळ बसवणारे संयोजक, वादक यांची नावं मराठीत लिहा. मागणी एवढीच आहे. बाकीचं पत्र हे का मागतेय ते सांगायला आहे आणि ते लांबणार आहे, तेवढं चालवून घ्या.

मी मिरजेची. आमच्याकडे सतारमेकरांच्या दुकानांवरून जाता येता तंबोऱ्याचे भोपळे दिसतात आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. खाँसाहेब 1937 साली गेले, आणि त्यांच्या स्मरणार्थ उरुसात दर्ग्याच्या आवारात, चिंचेच्या झाडाखाली, मोठमोठे गवई येऊन गातात. तिकीट नाही, पास नाही, सतरंजीवर जागा मिळेल तिथे बसायचं. लहानपणी आजीच्या मांडीवर झोपून मी तिथे काय काय ऐकलं असेल ते आता सांगता येणार नाही, पण एक गोष्ट पक्की आठवते, गायला बसणाऱ्याचं नाव सांगितलं की लगेच तबल्यावर कोण, पेटीवर कोण, तंबोऱ्यावर कोण हेही सांगायचे आणि लोक प्रत्येक नावाला टाळ्या वाजवायचे. तंबोऱ्यावरच्या पोरांनासुद्धा. गाणं म्हणजे एकट्याचं काम नाही हे असं नकळत कानावर पडत गेलं.

मग घरात टू-इन-वन (रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र) आला आणि कॅसेट यायला लागल्या. आता ज्यांनी कॅसेट हातात धरलीच नाही त्यांच्यासाठी सांगते, प्लास्टिकच्या डबीत पुढे एक कागद असायचा, तीन चार घड्यांचा, बाहेरच्या बाजूला फोटो आणि आत बारीक अक्षरात सगळी माहिती. बाजू पहिली, बाजू दुसरी. गाण्याचे पहिले शब्द, पुढे कंसात कवी. खाली संगीत, संगीत संयोजन, कधी कधी ध्वनिमुद्रण करणाऱ्याचं नाव, आणि काही कॅसेटमध्ये तर सगळ्या कविता छापलेल्या. घडी जिथे पडायची तिथली अक्षरं हळूहळू उडून जायची. माझ्या मोठ्या भावाने अशा उडालेल्या ओळी निळ्या शाईच्या पेनाने वरून गिरवल्या होत्या, 'शांता शेळके' हे नाव एका कागदावर अर्धं छापील आणि अर्धं त्याच्या अक्षरात आहे. तो कागद अजून माझ्याकडे आहे. आम्हाला कवी कळले ते असे, शाळेच्या पुस्तकातून नंतर.

अल्बम म्हणजे काय ते बघायचं असेल तर 'शिवकल्याण राजा' घ्या. 1974 साल, राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली म्हणून केलेला, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, लतादीदींचा आवाज आणि मधे मधे बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन. त्यात समर्थ रामदास आहेत, कवी भूषण आहे, सावरकर आहेत, गोविंदाग्रज आहेत, कुसुमाग्रज आहेत. सतराव्या शतकातला संत आणि विसाव्या शतकातला कवी एकाच कॅसेटवर शेजारी शेजारी, आणि दोघांना जोडणारा धागा कोणता तर पुरंदऱ्यांचा आवाज. ते आधी सांगणार, मग गाणं सुरू होणार. 'वेडात मराठे वीर दौडले सात' हे नुसतं सुटं ऐकलं तरी अंगावर काटा येतोच, पण त्याआधी सांगणारा माणूस बोलून थांबतो आणि मग ते गाणं येतं तेव्हा जे होतं ते वेगळंच आहे हो. मी आता ज्या ॲपवर ऐकते तिथे ही गाणी सुटी सुटी विखुरलेली सापडतात, कुठल्या तरी 'बेस्ट ऑफ'मध्ये एक, देशभक्तीच्या प्लेलिस्टमध्ये दुसरं. चौदा वर्षांचं पोरगं ते ऐकेल आणि त्याला वाटेल छान गाणं आहे, संपलं. यामागे कोणी तरी बसून हे आधी, हे नंतर, इथे बोलायचं, इथे गप्प बसायचं असा विचार केला होता हे त्याला कळायला काही मार्गच नाही.

गीतरामायणाचं तर विचारूच नका. ते मुळात क्रमाचंच काम आहे. 1 एप्रिल 1955, रामनवमी, पुणे आकाशवाणीवरून पहिलं गीत लागलं आणि मग वर्षाहून थोडा जास्त काळ दर आठवड्याला एक, अशी छप्पन्न गीतं. गदिमांचे, म्हणजे ग. दि. माडगूळकरांचे शब्द, बाबूजींचं, म्हणजे सुधीर फडक्यांचं संगीत आणि ही सगळी कल्पना रेडिओवर उभी करणारे सीताकांत लाड. आमच्या आईच्या पिढीतल्या बायका सांगायच्या की गीत लागायच्या वेळेला ज्यांच्याकडे रेडिओ आहे त्यांच्या घरी अख्खी आळी जमायची. लव-कुश गायला उभे राहतात तिथे सुरुवात आणि 'गा बाळांनो, श्रीरामायण' हा शेवट. आणि ॲपवर? सीतास्वयंवराच्या आधी सेतू बांधून होतो. शफल बंद केलं तरी तीच तऱ्हा, कारण अपलोड करतानाच क्रम गेलेला असतो. बाबूजींच्या आवाजातला कॅसेटचा संच ज्यांनी ऐकलाय त्यांना एक गाणं संपत आलं की पुढच्या गाण्याचा सूर आधीच मनात लागतो, तो असा मधेच तुटतो. आणि ज्यांच्या व्हायोलिनशिवाय मी बाबूजींच्या गाण्यांची कल्पनाच करू शकत नाही त्या प्रभाकर जोगांचं नाव तर कुठे दिसतच नाही. जोगांनी नंतर 'गाणारं व्हायोलिन' म्हणून नुसत्या व्हायोलिनवर भावगीतं वाजवली, ती इतकी स्पष्ट वाजवली की शब्द ऐकू यावेत. एवढ्या मोठ्या माणसाचं नाव लिहायला किती जागा लागते?

'अभंग तुकयाचे' बद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यावर लिहायला बसले तर दुसरं पत्र होईल. श्रीनिवास खळेकाकांचं संगीत, लतादीदींचा आवाज, आणि तुकाराम महाराज. आमच्या घरी आषाढी एकादशीला सकाळी आंघोळ झाली की हीच कॅसेट लागायची, पहिल्या बाजूपासून दुसऱ्या बाजूच्या शेवटापर्यंत, मधलं गाणं पुढे ढकलायची परवानगी नव्हती.

मग नव्वदीत आमची पिढी कमवायला लागली आणि कॅसेट स्वतःच्या पैशाने घ्यायला लागली. 'ऋतु हिरवा' आला. आशाताई भोसल्यांचा आवाज आणि श्रीधर फडक्यांचं संगीत. त्या एका कॅसेटमध्ये शांता शेळके आहेत, बा. भ. बोरकर आहेत, 'माझिया मना' लिहिणारा तेव्हाचा तरुण सौमित्र आहे, 'फुलले रे क्षण माझे' लिहिणारे नितीन आखवे आहेत. बोरकर म्हणजे गोव्याचा केवढा मोठा कवी, आणि आखव्यांचं नाव तेव्हा आम्ही पहिल्यांदाच वाचत होतो, दोघं एका कागदावर, एकाच मापाच्या अक्षरात. मला हे फार मोठं वाटतं. आज 'फुलले रे क्षण माझे' लग्नाच्या मेंदीत वाजतं, रील्सवर वाजतं, डान्स क्लासमध्ये वाजतं, आणि किती जणांना ते कोणी लिहिलंय माहितीये विचारून बघा.

नंतर 'गारवा'. मिलिंद इंगळेचा आवाज आणि सौमित्रच्या कविता, त्यातही कविता आधी नुसती म्हटलेली, बोललेली, आणि मग गाणं. आम्ही ऑफिसमधल्या मैत्रिणी पावसाळ्यात सांगली मिरज एसटीत एकाच वॉकमनचा एक एक इअरफोन वाटून हे ऐकायचो. बोललेल्या कवितेने पावसाची हवा तयार व्हायची आणि गाणं त्या हवेत यायचं. ती कविता कापून नुसतं गाणं ठेवलं तर तो 'गारवा' राहत नाही, आणि हे निवेदन, कवितावाचन वगैरे म्हणजे गाण्याआधीची फालतू मिनिटं आहेत असं ज्या कोणाला वाटत असेल त्याने कृपया एकदा तो अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावा.

आता कार्यक्रमांबद्दल. कारण कॅसेटने जे कागदावर केलं ते स्टेजवरच्या माणसांनी तोंडाने केलं.

हृदयनाथांचा 'भावसरगम' मी पहिल्यांदा सांगलीत ऐकला. गाण्यांपेक्षा बोलणंच जास्त झालं अशी बाहेर पडताना एक दोन जणांची कुरबूर चालली होती, मला मात्र ते बोलणं संपूच नये असं वाटत होतं. ग्रेसांची कविता म्हणजे काय, आरती प्रभूंचं 'ये रे घना' चालीत कसं आलं, सुरेश भट कसे होते. बाजाची पेटी पुढे, बोलता बोलता एखादी ओळ गुणगुणायचे, थांबायचे, परत बोलायचे आणि मग गाणं सुरू व्हायचं तेव्हा ते आम्ही आधी शंभर वेळा ऐकलेलं गाणं नवीनच वाटायचं. दुसऱ्या दिवशी मी गावच्या वाचनालयात जाऊन 'संध्याकाळच्या कविता' काढली. अर्धी कळली नाही तेव्हा. पण काढली ना. एका मैफलीमुळे एका बावीस तेवीस वर्षांच्या मुलीने ग्रेस हातात घेतले, हे त्या बोलण्यामुळे झालं, नुसत्या गाण्यामुळे नाही.

अरुण दात्यांच्या 'शुक्रतारा'चं तसंच. किती साधा माणूस, पांढरा झब्बा, आणि गाण्याच्या आधी पाडगावकर, खळे, यशवंत देव ही नावं अशी घ्यायचे की जणू ती माणसं विंगेतच उभी आहेत. 'या जन्मावर' झालं की टाळ्या, आणि त्या टाळ्यांमध्ये ते परत पाडगावकरांचं नाव घेणार, देवांचं नाव घेणार. 'स्वरगंगेच्या काठावरती' म्हणजे शंकर वैद्यांची कविता हे मला त्यांच्याच तोंडून कळलं. 2018 च्या मे महिन्यात दाते गेले तेव्हा बातम्यांमध्ये ओळीने त्यांची गाणी लागत होती, आणि एकाही गाण्याखाली कवीचं नाव नव्हतं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण हे खुद्द दात्यांना आवडलं नसतं.

आणि सवाई, म्हणजे सवाई गंधर्व संगीत महोत्सव. सवाईचं नाव घेतल्याशिवाय माझं पत्र पूर्ण कसं होईल, आमच्या खाँसाहेबांचे शिष्य ते सवाई गंधर्व आणि त्यांचे शिष्य भीमसेनजी, भीमसेन जोशी, म्हणजे एका अर्थाने तो आमच्या मिरजेचाच उत्सव. 1953 पासून पुण्यात चालू आहे. मी जायला लागले तेव्हा रमणबाग शाळेच्या पटांगणात व्हायचा आणि रात्रभर चालायचा. डिसेंबरची थंडी, शाली, कानटोप्या, थर्मास, भारतीय बैठकीत घरून आणलेली चादर अंथरून जागा धरायची आणि शेजारी बसलेलं अनोळखी कुटुंब पहाटेपर्यंत ओळखीचं झालेलं असायचं. रात्रभर चालण्याची मजाच ही होती की मालकंस, दरबारी हे राग मध्यरात्रीच्या खऱ्या वेळेला आणि ललत, तोडी खऱ्या पहाटे ऐकायला मिळायचे. शेवटच्या सकाळी भीमसेनजी. उजाडलेलं असायचं, डोळे चुरचुरत असायचे, आणि ते आ लावायचे तेव्हा मांडवातली चुळबुळ थांबायची. आणि सगळ्यात शेवटी सवाई गंधर्वांची भैरवीची रेकॉर्ड लावायचे. हजारो माणसं एक जुनी खरखरणारी रेकॉर्ड ऐकायला थांबलेली, गाणारा माणूस 1952 सालीच गेलेला. रेकॉर्डची एवढी मोठी इज्जत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

तिथेही तेच हो. प्रत्येक कलाकाराबरोबर साथीदारांची नावं. भीमसेनजींबरोबर पेटीवर अप्पा जळगावकर, तबल्यावर नाना मुळे, हे ऐकूनच लोक सरसावून बसायचे. आज त्यांच्या मैफलीचं एखादं लाइव्ह रेकॉर्डिंग ॲपवर उघडलं की मुख्य गायकाचं नाव, रागाचं नाव, आणि बाकी कोरं. पेटी ऐकू येतेय, ओळखीची वाटतेय, पण कोणाची ते लिहिलेलं नाही. कोणत्या गावी, कोणत्या साली तेही नाही. आणि सुरुवातीचं तंबोऱ्याचं लागणं, मधली दाद, 'क्या बात है', हे सगळं कापून टाकलेलं असलं की मैफलीचा पुरावाच जातो.

मला माहितीये तुम्ही म्हणाल ॲपवाले दाखवत नाहीत, आम्ही काय करणार. पण ॲपवर जे दिसतं ते हक्कदार कंपनी किंवा तिच्या वतीने गाणं पाठवणारा वितरक जी माहिती भरून पाठवतो त्यातूनच येतं. गीतकार, संगीतकार, वादक यांचे रकाने असतात त्या फॉर्ममध्ये. ते रिकामे गेले तर ॲप काय दाखवणार? बरं, हा नुसता आपुलकीचा विषय नाहीये. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 मध्ये लेखकाला आपली कृती आपलीच आहे हे सांगायचा हक्क दिलाय, आणि तो हक्क त्याने बाकीचे हक्क विकून टाकले तरी त्याच्याकडेच राहतो. 2012 च्या दुरुस्तीने सादर करणाऱ्या कलाकारांनाही, म्हणजे गायक, वादक सगळ्यांना, आपलं नाव यावं हा हक्क मिळाला, काही सवलती सोडून. त्याच दुरुस्तीने गीतकार संगीतकारांना रॉयल्टीचा वाटाही पक्का केला. नावच नसेल तर वाटा कोणाचा आणि कसा मोजायचा? शांताबाई, भट, पाडगावकर, खळे, देव, आता कोणीच नाही दाद मागायला. त्यांच्या वतीने आम्ही श्रोत्यांनी नाही बोलायचं तर कोणी बोलायचं.

अजून एक काळजी आहे ती टेपची. मॅग्नेटिक टेप कायम टिकत नाही, फिल्मवर कोटिंग धरून ठेवणारा थर सुटायला लागतो, पावडर झडते, आणि एकदा झडलेलं परत येत नाही. तुमच्या गोदामात मूळ मास्टर टेप असतील तर त्या आता, याच काही वर्षांत, नीट मशिनवर नीट वेगाने उतरवून घ्या. मला आत्ता ॲपवर काही गाणी मूळपेक्षा किंचित वरच्या पट्टीत ऐकू येतात, म्हणजे कोणीतरी कुठल्या तरी कॅसेटवरून वेग न तपासता उतरवली असणार. दीदींचा आवाज पाव सूर जरी वर गेला तरी आमच्यासारख्यांना तो परका वाटतो. मूळ टेप शाबूत असताना तिची अशी उतरवलेली नक्कल लोकांच्या कानात बसावी हे मला सहन होत नाही.

खर्चाचं म्हणाल तर माहिती गोळा करायला आम्ही आहोत. मिरज, सांगली, कोल्हापूर, पुणे, ठाणे, तिकडे अमेरिकेत गेलेली मराठी माणसं, सगळ्यांच्या माळ्यावर, कपाटात ते कागद अजून आहेत. माझ्या भावाने गिरवलेले सुद्धा. तुम्ही एक पत्ता द्या, आम्ही कागद स्कॅन करून पाठवतो, गाण्यांचा क्रम, कवींची नावं, कोण वादक, जे छापलंय ते सगळं टाइप करून देतो, मराठीत, ऱ्हस्व दीर्घ तपासून. एक पैसा नको. फक्त ते रकाने भरा.

आणि सुरुवात कुठून करायची असा प्रश्न असेल तर माझं मत 'शिवकल्याण राजा'ला. सगळी गाणी, सगळं निवेदन, एकच अल्बम, मूळ क्रम, प्रत्येक कवीचं नाव. राज्याभिषेकाला 2024 मध्ये साडेतीनशे वर्षं झाली, तेव्हाच व्हायला हवं होतं, पण अजून काही बिघडलेलं नाही. त्यानंतर गीतरामायण, छप्पन्नच्या छप्पन्न ओळीने. मग बाकीचे ठरवू. उत्तराची वाट बघतेय.

आपली,
मिरजेची एक श्रोती